'तडफदार' म्हणजे नेमकं काय? माणसाच्या जोमाबद्दल लिहिलेलं कसं वाचावं

नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका लागल्या की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला एकाच भाषेतले फ्लेक्स उभे राहतात. तडफदार, धडाडीचे, झुंजार, खंबीर, उमदे. त्याच दिवसांत पेपरच्या आतल्या पानावर कुणाच्या तरी सहस्रचंद्रदर्शनाची बातमी असते: 'तरुणांना लाजवेल असा उत्साह'. शेजारच्या चौकटीत श्रद्धांजली असते: 'शेवटच्या श्वासापर्यंत झुंज दिली'. डोंगरावरच्या मॅरेथॉनची बातमी आली की 'अफाट ऊर्जा' ठरलेलीच.

हे सगळे शब्द एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे माणसाच्या अंगातला जोम. पत्रकार, चरित्रकार, इतिहासकार, कादंबरीकार सगळेच माणूस उभा करताना तिचा आधार घेतात. वाचताना बरं वाटतं. पण पान मिटल्यावर त्या माणसाबद्दल काय कळलं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. संस्थांच्या स्मरणिकांचे आणि गौरव अंकांचे मजकूर माझ्या नजरेखालून जात असतात. ते वाचून माझं मत असं झालंय की जोमाच्या विशेषणांतून माणूस फार थोडा दिसतो, आणि लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते मात्र लख्ख दिसतं. हे कसं होतं ते पायरीपायरीनं बघू.

## एका शब्दात चार गोष्टी

तालमीतल्या वस्तादाला विचारा. तो 'जोम' असा एक शब्द कधी वापरत नाही. एखाद्या पोराच्या अंगात रग भरपूर असते, पण दोन मिनिटांत धाप लागते, म्हणजे दम नाही. दुसरा अंगानं किरकोळ असतो, पण कुस्ती ओढत नेतो आणि समोरच्याला दमवून पाडतो. तिसऱ्याकडे ताकद आणि दम दोन्ही असतात, पण एकदा चितपट झाला की महिनाभर आखाड्याकडे फिरकत नाही, म्हणजे उमेद कमी. चौथा शड्डू असा ठोकतो की मैदान दणाणतं, आणि प्रत्यक्ष झोंबी लागली की काही नाही.

म्हणजे ताकद, दम, उमेद आणि आवेश या चार वेगळ्या गोष्टी झाल्या. त्या एकमेकींसोबत असतातच असं नाही. लिहिणारा मात्र चारही एका पोत्यात भरतो आणि वर 'तडफदार' अशी चिठ्ठी लावतो.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी हा फरक बारकाईनं केला होता. चरकसंहितेत बळाचे तीन प्रकार सांगितलेत. जन्मतः मिळतं ते सहज, वयानं आणि ऋतुमानानं कमीजास्त होतं ते कालज, आणि आहार-व्यायामानं कमावलं जातं ते युक्तिकृत. या मांडणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की तिच्यात बळ हा माणसाचा कायमचा शिक्का नाही. ते येतं, जातं, कमावता येतं. नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे तो रस ज्या मूळ भावनेवर उभा राहतो ती भावना, उत्साह ही सांगितली आहे. बाहूंचं बळ सांगितलेलं नाही. वीर ओळखायचा तो काम हाती घेण्याच्या उमेदीवरून. आणि कौटिल्यानं तर राजाच्या तीन शक्ती तोलून पाहिल्या आणि उत्साहशक्तीला सगळ्यात खालची जागा दिली. तिच्या वर कोश-सैन्याची प्रभुशक्ती आणि सगळ्यात वर विचारविनिमयाची मंत्रशक्ती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी हे शांतपणे मांडून ठेवलंय, आणि आपण अजून फ्लेक्सवर नुसता उत्साह छापतोय.

## फड जोमात आहे, पण उतारा?

ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. युरियाचा मारा केलेला ऊस काळाभोर हिरवा दिसतो. रस्त्यानं जाणारा म्हणतो, 'फड जोमात आहे.' पण नत्र गरजेपेक्षा जास्त झालं की पाला वाढतो, ऊस लोळतो आणि रसात साखर कमी भरते. कारखान्यात बघतात तो उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून साखर किती टक्के निघाली. आपल्याकडे शंभर किलोंमागे अकरा-बारा किलो साखर पडली तर चांगलं मानतात. पाल्याचा हिरवेपणा तिथं कुणी मोजत नाही.

माणसाचं वर्णन करणारा बहुतेक वेळा पाला बघून लिहितो. भारदस्त आवाज, झपाझप चाल, भाषणात टेबलावर आपटलेली मूठ, पहाटेपासून वाजणारा फोन. हे सगळं खरं असू शकतं. पण त्यातून काय निघालं, हा प्रश्न त्या वर्णनात शिल्लकच राहत नाही.

इथं कुणी म्हणेल, जोम दिसतो म्हणूनच तर लिहितात. बरोबर आहे. मग आपल्याच भागातली दोन ठिकाणं बघा. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळला आहेत. एक दास मारुती, रामासमोर हात जोडून उभा. दुसरा देवळामागचा प्रताप मारुती, आवेशातला. देव एकच, बळही तेच. एका मूर्तीत ते बाहेर दिसतं, दुसरीत दिसत नाही. दुसरं ठिकाण सांगली. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं 'सीता स्वयंवर' नाटक केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या काळच्या पौराणिक नाटकांत सगळ्यात जास्त आरडाओरडा, उड्या आणि दणदणाट कुणाचा असे, तर राक्षसपार्टीचा. पुढच्या पिढीनं या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं ते त्या राक्षसांच्या आरोळ्यांवरून. आवेश हा गुण आहे असं आपण आज धरून चालतो. त्या रंगमंचावर तो खलपात्राची खूण होता.

## एक गुण दिसला की बाकीचे आपोआप चिकटतात

आपण असं का करतो याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे गुणांक द्यायचे होते. शरीरयष्टी, ज्यात बांधा, आवाज, ऊर्जा, दम हे सगळं धरलेलं, मग बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य. आकडे बघितले तर ज्याला शरीरयष्टीसाठी जास्त गुण मिळाले त्यालाच बुद्धी आणि चारित्र्यासाठीही जास्त मिळालेले. हा मेळ इतका पक्का होता की तो खरा असणं थॉर्नडाइकना अशक्य वाटलं. एक ठसा पडला की बाकीचं मूल्यमापन त्याच्या उजेडात होतं. याला हॅलो इफेक्ट म्हणतात, मराठीत प्रभावळीचा परिणाम म्हणू. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ चकाकत असली की मूर्ती स्वतःच चकाकते आहे असं वाटतं, तसं.

जोमदार दिसणारा माणूस प्रामाणिक वाटू लागतो, हुशार वाटू लागतो, मतही मिळवून जातो. अमेरिकेतलीच दोन उदाहरणं बोलकी आहेत. जॉन केनेडी 1960 साली 43 व्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले ते तरुण, सळसळत्या नेतृत्वाच्या प्रतिमेवर. त्यांना ॲडिसनचा आजार होता, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी निकामी होण्याचा, आणि पाठीचं जबर दुखणं होतं. आजाराची खरी माहिती तेव्हा लोकांपासून लपवली गेली. त्यांच्याआधीचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय 1921 च्या आजारपणानंतर लुळे झाले होते. ते चार वेळा निवडून आले आणि त्यांची चाकाची खुर्ची वर्तमानपत्रांतल्या फोटोंत क्वचितच दिसली. दोघांनीही देश चालवला. म्हणजे जी गोष्ट काम करायला आवश्यकच नव्हती, तिचाच देखावा उभा करावा लागला, कारण वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला ती हवी होती. मला यात फसवणुकीपेक्षा आपल्या सगळ्यांच्या वाचनाची सवय जास्त दिसते.

## खाशाबा दमले होते

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत, बँटमवेट गटात, त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्यावर लिहिलेलं काहीही वाचा, एक बिरुद हमखास भेटतं: 'पॉकेट डायनॅमो'. उंचीनं लहान, अंगात वीज, असा त्याचा भाव. कौतुकानंच दिलेलं बिरुद आहे.

आता त्याच स्पर्धेबद्दल जे नोंदलं गेलंय ते बघा. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली, आणि ते थोडक्यात हरले. इशीनं पुढं सुवर्णपदक घेतलं. त्या थकवणाऱ्या कुस्तीनंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उतरायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. तो नियम बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले.

डायनॅमोला विश्रांती लागत नाही. खाशाबांना लागत होती, आणि नियमानं ती त्यांच्या हक्काची होती. बिरुद वाचून आपल्याला वाटतं, केवढी ही अंगातली ऊर्जा. हकिकत वाचल्यावर राग येतो, प्रश्न पडतात. कुठं होते ते अधिकारी? हेलसिंकीला जायचे पैसे उभे करायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना राहतं घर गहाण का टाकावं लागलं? जोमाचं विशेषण हे प्रश्न पुसून टाकतं. सगळं यश त्या एका देहाच्या वीजेला चिकटवलं की व्यवस्थेनं काय केलं आणि काय केलं नाही याचा हिशेब द्यावा लागत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

पदक घेऊन आल्यावर कराड ते गोळेश्वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. लोकांनी त्यांना भरभरून दिलं. दम घ्यायला अर्धा तास मात्र मिळाला नव्हता, हेही त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून प्रत्येक शाळेत सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

## तो तडफदार, ती आगाऊ

तोच गुण वेगवेगळ्या माणसात दिसला की शब्द बदलतो. सरपंच मोठ्यानं बोलला तर धडाडीचा, सरपंचबाई बोलल्या तर 'तोंडाच्या फटकळ'. मुलगा चपळ, मुलगी धांगडधिंगा करणारी. फार झालं तर 'पुरुषांच्या बरोबरीनं' काम करते असं लिहितात, म्हणजे मोजपट्टी परत त्याचीच.

1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. नाना पाटलांची कन्या हौसाताई तुफान सेनेत, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलात, काम करत. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. हौसाताईंनी चौकीसमोर मार खाणाऱ्या असहाय बाईचं सोंग घेतलं, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं उचलली. त्या वेळी त्या विशीच्या आतल्या होत्या.

या प्रसंगाला 'तडफदार' म्हणून बघा. शब्द बसत नाही. त्या दिवशी त्यांची सगळी हिंमत रडण्यात आणि रस्त्यात लोळण्यात होती. पोलिसांच्या डोक्यातही आपल्यासारखंच एक चित्र पक्कं होतं, की मार खाणाऱ्या बाईत दम नसतो. हौसाताईंनी नेमका त्याचाच उपयोग केला. 2021 साली त्या गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर घटना सांगावी लागते, विशेषणानं काम भागत नाही.

## रांगडे आम्ही

पुण्यामुंबईचा लेखक साताऱ्या-सांगलीच्या माणसाबद्दल लिहू लागला की 'रांगडा' हा शब्द हटकून येतो. मालिकांतले नायक तर असतातच तसे. आपल्याकडच्या अनेकांना तो शब्द आवडतो, मला पूर्वीपासून खटकतो. रांगडा म्हटलं की अंगात जोर, मनानं मोकळा, आणि न बोलता पुढं जोडलेलं असतं की विचाराबिचाराची भानगड नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण रांगडे होते का? अख्ख्या प्रदेशाला एक देहस्वभाव चिकटवण्याची ही सवय जुनी आहे आणि तिला बराच गंभीर इतिहास आहे.

ब्रिटिशांनी 1857 नंतर 'लढाऊ जाती' नावाची कल्पना रुजवली. काही जाती-जमाती जन्मानंच शूर, बाकीच्या नाहीत, भरती शूर जातींतून करायची. 1885 ते 1893 भारताचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आपल्या आठवणींत स्पष्ट लिहिलं की मुंबईकडच्या मराठ्यांतला जुना लष्करी बाणा मरून गेला आहे. त्यांची पसंती गुरखे, शीख, पठाण यांना होती. मग पहिलं महायुद्ध आलं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. 117 व्या मराठा पलटणीला तिथल्या कामगिरीसाठी 'रॉयल' ही पदवी मिळाली. त्यानंतर मराठे पुन्हा लढाऊ ठरले.

तीस वर्षांत काय बदललं? माण-खटावची जमीन तीच, भाकरी तीच, माणसं त्याच घरांतली. सरकारची गरज बदलली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावामागे आजही 'मिलिटरी' लागतं, आणि तो मान त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाठवून मिळवलाय, कुणाच्या वर्गवारीनं नव्हे.

याच काळात दुसरा कायदा चालू होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. ज्यांना आज आपण विमुक्त जाती म्हणतो त्या बेरड, रामोशी, कैकाडी यांसारख्या समाजांना जन्मानं गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावणारा. किल्ल्यांची आणि गावांची राखण केलेल्या रामोशांचं काटक, निडर, रात्री-बेरात्री डोंगर तुडवणारं शरीर लिहिणाऱ्यानं संशयाची खूण म्हणून नोंदवलं. देशभरात तो कायदा 1952 साली रद्द झाला. बातम्यांतली 'सराईत' ही भाषा मात्र अजून त्याच घरांच्या दारात जाऊन थांबते.

## 'काटक' या शब्दाची भीती

दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगार आपल्या भागात येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरणं, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं, संध्याकाळी पालावर येऊन चूल पेटवणं. त्यांच्याबद्दल लिहिताना चांगल्या मनाचे लोकसुद्धा 'काटक' लिहून जातात. 'या बायांचा काटकपणा बघून थक्क व्हायला होतं.'

थक्क झालं की पुढचं विचारायचं राहून जातं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल एवढ्या बातम्या आल्या की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासानं काम बुडतं, काम बुडलं की उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण पुढं आलं. ज्या शरीराला आपण काटक म्हणत होतो, ते शरीर काम चालू राहावं म्हणून अवयव काढून देत होतं. म्हणून गरिबाच्या सहनशक्तीचं कौतुक वाचलं की मी थांबते. ते सहन करायला पर्याय काय होता, हे त्या लेखात आलंय का, एवढं शोधते.

## म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना जोम का चिकटवतात

'तरुणांना लाजवेल असा उत्साह' यात दोन गोष्टी गृहीत आहेत. म्हातारपणी माणूस तरुणासारखा दिसला तरच मोलाचा, आणि तरुणांनी लाजावं. वयानुसार स्नायू कमी होतात, झोप पातळ होते, हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं. 2001 साली डॉ. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी वृद्धांमधला दुबळेपणा ओळखायला पाच गोष्टी ठरवल्या. नकळत घटलेलं वजन, थकवा, हाताची पकड, चालण्याचा वेग आणि एकूण हालचाल. डॉक्टर जिथं पाच प्रश्न विचारतात, तिथं लिहिणारा एका विशेषणात मोकळा होतो. नव्वदीतल्या आजोबांची पकड सैल झाली असेल, पण ते रोज सकाळी नातवंडांना गणित शिकवत असतील, तर तेच लिहावं.

आजारपणात हे जास्त बोचतं. मिरजेच्या दवाखान्यांत दूरदूरच्या गावांहून रुग्ण येतात. कॅन्सरमध्ये माणूस वाचतो की नाही हे गाठ कोणती, किती उशिरा कळली, उपचार परवडले का, यावर खूप अवलंबून असतं. 'झुंज अपयशी ठरली' असं लिहिलं की नकळत दोष मेलेल्याकडे जातो, जणू थोडा जोर कमी पडला. घरच्यांनी काय वाटून घ्यायचं ते वाचून?

## उत्साहाचा खर्च कुणी भरला

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. अनवाणी, दाढीवाले, गावोगाव फिरणारे अण्णा. त्यांच्या अखंड ऊर्जेबद्दल भरपूर लिहिलं गेलंय आणि ते खरंही आहे. पण त्या वसतिगृहातल्या मुलांना दोन वेळ जेवायला घालायचं होतं. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 साली त्या वारल्या.

अण्णांच्या उत्साहाचं वर्णन लक्ष्मीबाईंना वगळून केलं तर अण्णाच अर्धे दिसतात. कुणी अठरा तास काम करतो असं वाचलं, की उरलेली कामं कोण करत होतं हे वाचकानं विचारावं. भाकरी कुणी थापली, म्हाताऱ्या आईचं पथ्य कुणी सांभाळलं, शाळेची फी कुणी भरली. चरित्रकाराला हे सापडत नाही असं नाही. तो विचारत नाही.

## पण पोवाड्याचं काय?

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो वाजवी आहे. शाहिरानं आवेशानं गायचं नाही तर काय करायचं? प्रतिसरकारच्या दिवसांत शाहिरांनी गावं जागी ठेवली. पोवाडा हा उघड उघड पोवाडा असतो. डफावर थाप पडली की ऐकणाऱ्याला कळतं, आता अतिशयोक्ती येणार आणि ती आपल्याला उभं करण्यासाठी आहे. शिवाय चांगल्या पोवाड्यात ठिकाणं असतात, वेळ असते, कोण कुठून आला आणि कुठं पडला ते असतं. विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त. अडचण होते ती पोवाड्याची भाषा बातमीत, मतदानाच्या तोंडावर, नोकरीच्या शिफारशीत आणि मृत्युलेखात शिरते तेव्हा. तिथं वाचणाऱ्याला माहिती हवी असते.

## मग कौतुक करायचंच नाही का?

करावं, भरभरून करावं. माझं म्हणणं एवढंच की जोम असेल तर तो कशावर खर्च झाला ते लिहावं. माणूस दमला कधी, ते लिहावं. दमल्यावर त्यानं काय केलं आणि कोण सोबत होतं, तेही. मजकूर तपासताना मी हेच विचारते. सुरुवातीला लिहिणारे वैतागतात, मग अर्ध्या तासात असं काही सांगतात की ते गौरव अंकातलं सगळ्यात चांगलं पान होतं. माहिती त्यांच्याकडे आधीपासून असते, फक्त विशेषण तिच्यावर बसलेलं असतं.

शेवटचा आक्षेप जागेचा. फ्लेक्सवर कुठं एवढं मावणार, श्रद्धांजलीला पेपरवाले शब्दावर पैसे घेतात. तर मोजून बघू. 'तडफदार, धडाडीचं, झुंजार, खंबीर, कार्यतत्पर, उमदं नेतृत्व' हे सात शब्द आहेत. 'टंचाईच्या वर्षी वस्तीवरचा टँकर चुकू दिला नाही' हेही सातच. श्रद्धांजलीत 'अखंड कष्टमूर्ती, वात्सल्यसिंधू मातोश्री' यांच्या जागी 'पहाटे चारला धारा काढून तीन मुलींना शिकवलं' एवढं मावतं, पैसे थोडे जास्त पडतात.